सनईखालचा आवाज

मुंगीला दुपारची झोप लागली की ऋजुताच्या वाट्याला पस्तीस मिनिटं येत. क्वचित चाळीस. तेवढ्यात जेवायचं, दुपट्यांच्या घड्या घालायच्या, जमलं तर पाठ टेकायची. पण गेले आठ-दहा दिवस ती सगळी मिनिटं तिनं एका काळ्या कॅसेटला देऊन टाकली होती.

मुंगी म्हणजे तिची तीन महिन्यांची मुलगी. तिला अजून नाव नव्हतं. दवाखान्यात पहिल्यांदा हातात घेताना तिचा नवरा केदार म्हणाला होता, ‘मुंगीएवढी आहे गं,’ तेच चिकटलं. खरं नाव रविवारी ठेवायचं होतं. आज सोमवार.

कॅसेट ऋजुताच्या स्वतःच्या बारशाची होती, २००५ सालची. म्हणजे तेहतीस वर्षं जुनी. तिची आई, अलकाताई, मिरजेहून सांगलीला बाळंतिणीचं करायला येऊन राहिली होती. येताना तिनं डिंकाचे लाडू, अळीव, शेगडी आणि कपाटाच्या तळातून काढलेली ही कॅसेट आणली. कॅसेटच्या कडेला चिकटवलेल्या कागदावर ‘मुजावर व्हिडिओ, मिरज’ असा शिक्का होता आणि त्याखाली बॉलपेनानं दोनच अक्षरं होती : आ. न.

“कुणाची गं ही आद्याक्षरं?” ऋजुतानं विचारलं होतं.

“असतील त्याच्या माणसाची,” आई म्हणाली आणि लाडवांचा डबा वरच्या फळीवर ठेवायला वळली. “तू ती संगणकात घाल. बारशादिवशी भिंतीवर दाखवू. तुझा पाळणा नि हिचा पाळणा, शेजारी शेजारी.”

घालायची म्हणणं सोपं होतं. कॅसेट वाजवायचं यंत्र केदारनं कारखान्यातल्या एका मित्राच्या माळ्यावरून आणलं. पहिल्या दिवशी पडद्यावर नुसता निळा रंग. दुसऱ्या दिवशी चित्र आलं, पण रहाटासारखं वरून खाली फिरायला लागलं. ऋजुतानं झाकण काढलं आणि आतलं चकचकीत फिरतं डोकं स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कागदानं पुसलं. कापूस वापरायचा नाही, त्याचे धागे अडकतात, हे तिनं इंटरनेटवरच्या एका जुनाट पानावर वाचलं होतं. तिसऱ्या दिवशी चित्र स्थिर झालं, तर घरचा संगणक ते घ्यायला तयार होईना. त्याला असल्या वायरची ओळखच नव्हती. मग मध्ये जोडायची एक डबी मागवली. ती आली, जोडली, आणि एकदाचा पडद्यावर पाळणा दिसला. मागे सनई वाजत होती. अगदी पहिल्या चित्रापासून शेवटच्यापर्यंत नुसती सनई.

संगणकानं लगेच विचारलं, ‘चित्र जुनं आहे. पुरवणी लावू? बोलणाऱ्यांचे आवाज सापडत नाहीत. ते तयार करू?’

मुंगी चुळबुळ करायला लागली होती. ऋजुतानं न वाचता ‘हो’वर बोट ठेवलं आणि तिला उचलायला धावली.

पुरवणी आता घरोघरी होती. आधीच्या पिढीत व्हिडिओ म्हणजे एका सेकंदाला पंचवीस चित्रं, एकामागून एक साठवलेली. त्याला जागा फार लागायची. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की चित्र साठवायचंच कशाला? चित्राचं वर्णन साठवा. हिरव्या साडीतली बाई डावीकडे वाकते, पाळणा हलतो, ऊन खिडकीतून येतं. बघताना संगणक ते वर्णन वाचून चित्र नव्यानं काढतो. पुरणपोळी फडताळात न ठेवता तिची कृती ठेवावी आणि भूक लागली की ताजी करावी, तसं. पोळी दर वेळी गरम आणि गोल. फक्त आईच्या पोळीला एका कडेला जो करपट डाग पडायचा, तो कृतीत लिहिलेला नसतो. आणि जिथं कृतीच अपुरी असते, तिथं संगणक इतर लाखो पोळ्या आठवून आपल्या मनानं भर घालतो. विरलेल्या फिती, हलणारी चित्रं, न ऐकू येणारे आवाज, सगळं तो पुरवून देई. लोकांना ते फार आवडे. आजोबांच्या लग्नातल्या मुक्या वऱ्हाडाला वाचा फुटे.

त्या दिवशी चहाच्या वेळी ऋजुतानं ती तयार झालेली फाइल लावली. आई मुंगीला पायांवर घेऊन बसली होती.

पडद्यावर मिरजेचं घर लख्ख दिसत होतं. एकतीस वर्षांची अलका, डोळ्यांखाली काळं, ओटी भरलेली. बायका पाळणा म्हणत होत्या. मग पाळण्याजवळ आली शालन आत्या, ऋजुताच्या वडिलांची धाकटी बहीण. फिक्या रंगाची साडी, मोकळं कपाळ. बाळाच्या कानाशी ती वाकली आणि मागच्या बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. नाव सांगणाऱ्या आत्याला धपाटे बसतातच.

आणि संगणकातून शालन आत्याचा आवाज आला. तरुण, मऊ, अगदी कानाजवळ :

“रेवा.”

आईचा पाय हलायचा थांबला.

“ऐकलंस?” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “तेहतीस वर्षं मी म्हणत होते. तुझे बाबा म्हणायचे, तुला भास झाला. आता ऐकलंस तुझ्या कानांनी.”

गोष्ट तिला माहीत होती. घरातल्या सगळ्यांना माहीत होती आणि कुणी काढत नसे. तिच्या आधी आईला एक मुलगी झाली होती. बाराव्या दिवशी शालन आत्यानंच तिच्या कानात नाव सांगितलं, रेवा. एकोणिसाव्या दिवशी ती गेली. दोन वर्षांनी ऋजुता झाली. तिच्या बारशाला आई पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. तिला ऐकू काही आलं नाही, पण ठरलेलं नाव सांगून झाल्यावर शालनचे ओठ आणखी हलले, आणि त्या ओठांवर आईला दिसलं : रेवा. जित्या लेकीच्या कानात गेलेलीचं नाव.

आई त्यावर कधी भांडली नाही. तिनं फक्त बोलावणं बंद केलं. संक्रांत, लग्नं, मुंजी. ‘तिला माहीत आहे,’ एवढंच म्हणायची. सहा वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा आत्या तासगावहून आली, दारातच उभी राहिली आणि पाणी न घेता परत गेली.

आणि आता रविवारचा प्रश्न होता. केदारला बहीण नव्हती. सासूबाईंनी फोनवर सांगितलं होतं, ‘कुणीही मायेची बाई चालते. तुझी आत्या आहे की.’ ऋजुताच्या मनातही तेच होतं. बाळ झाल्यावर आत्यानं आवाजी निरोप धाडला होता : “ऋजू, कानाला बांध गं. वारं लागू देऊ नको.” तेवढंच. ऋजुतानं तो वीसदा ऐकला होता. ही कॅसेट घालताना तिला मनातून वाटत होतं की आईला भास झाला होता हे दिसेल आणि आपण आत्याला बोलावू.

“शेजारच्या पाटीलकाकूंना सांग नाव घ्यायला,” आई म्हणाली. तिनं मुंगीला छातीशी धरलं होतं, कुणी हिसकावून घेईल असं. “विषय संपला.”

*

मंगळवारी सकाळी मुंगीनं पोटभर दूध घेतलं. ऋजुतानं तिला खांद्यावर टाकलं आणि ढेकर येईतो पाठ थोपटायला लागली. मुंगीला हल्ली कंठ फुटला होता. ती आपल्याच नादात ‘आऽऽ’ लावत होती, आणि ऋजुताच्या प्रत्येक थापटीला तिचा सूर तुटत होता. आ-आ-आ-आ. थापटी थांबली की पुन्हा सरळ आऽऽ.

ऋजुतानं पुन्हा थोपटलं. आ-आ-आ.

ती तशीच, मुंगीला खांद्यावर घेऊन, संगणकासमोर जाऊन बसली. फाइल लावली. शालन आत्या वाकली. तीन बायका तिच्या पाठीत धपाटे घालत होत्या, चांगले दणकून. आत्याचे खांदे उसळत होते. आणि आवाज? गुळगुळीत, पाटावरून तेल ओघळावं तसा. ‘रेवा.’ कुठे खळ नाही.

“हा तिचा आवाज नाहीये,” ऋजुता मुंगीला म्हणाली. मुंगीनं ढेकर दिली.

दुपारच्या पस्तीस मिनिटांत तिनं न वाचलेलं सगळं वाचलं. आवाज कुठून घेतला, तर आत्याच्या ‘कानाला बांध गं’ या निरोपातून; साठीतल्या आवाजाचं वय कमी करून. शब्द कुठून घेतला? ओठांच्या हालचालीवरून आणि घराच्या माहितीवरून. घराच्या माहितीत वंशावळ होती आणि वंशावळीत, थोरली मुलगी म्हणून, रेवा होती. बारसं आहे म्हणजे नाव असणार, नाव आहे म्हणजे घरातलं असणार, असा संगणकाचा हिशेब. तिनं वंशावळ काढून घेतली आणि पुन्हा चालवायला सांगितलं. शालन आत्या वाकली, त्याच मायेनं, त्याच खात्रीनं म्हणाली, “मीरा.” तिसऱ्यांदा चालवलं तेव्हा म्हणाली, “शेवंता.” आणि दर वेळी तिचे ओठ त्या त्या नावाला बरोब्बर जुळत होते.

ऋजुतानं फाइल बंद केली.

मग तिनं एक जुनं स्वरूप शोधून काढलं, ज्यात आलेलं चित्र आहे तसं, जाडंभरडं साठवलं जातं. संगणकानं बजावलं, ‘हे स्वरूप कालबाह्य आहे. फाइल फार मोठी होईल. पुरवणी चालणार नाही. चित्र खराब दिसेल.’ तिनं ‘चालेल’ म्हटलं आणि कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावली.

चित्र खरंच खराब दिसलं. मुंग्या आलेलं, कडांना रंग सुटलेले. आणि शालन आत्या वाकली तेव्हा तिच्या तोंडापुढे पाळण्याच्या दोरीला बांधलेली झेंडूची माळ होती. ओठ दिसतच नव्हते. माळेमागे दोन-चार तांबूस ठिपके हलत होते, इतकंच.

संगणकानं आधी ओठ काढले होते आणि मग तेच ओठ वाचले होते.

*

“म्हणजे तिनं रेवा म्हटलं नाही?” आईनं विचारलं. ती अळीव निवडत होती.

“तसं मी म्हणत नाही. तिनं काय म्हटलं ते यात नाही. यात सनईच आहे.”

“मी पाहिलंय, ऋजू. माझ्या आणि तिच्यामध्ये माळ नव्हती. मी दुसऱ्या बाजूला होते.”

“ओठ पाहिलेस ना. आवाज नाही.”

आई ताटातलं अळीव पुन्हा पहिल्यापासून निवडायला लागली.

“मुजावर अजून आहेत का गं मिरजेत?” ऋजुतानं विचारलं.

“असतील. कशाला?”

“सनई घालण्याआधीचा तुकडा त्यांच्याकडे उरला असेल तर.”

“तीन महिन्यांचं पोर घेऊन तू मिरजेला जाणार?”

“रिक्षानं वीस मिनिटं आहे, आई.”

“एकटी नाही जायचं,” आई म्हणाली. हे तिचं शेवटचं अस्त्र होतं, आणि ते तिच्यावरच उलटलं. बुधवारी कानटोपी, तीन दुपटी, ग्राइपवॉटर आणि तोंडाला कुलूप घेऊन तीच रिक्षात शेजारी बसली.

मुजावर व्हिडिओच्या जागी आता त्यांच्या सुनेचं शिवणकामाचं दुकान होतं. मागच्या खोलीत रज्जाक मुजावर खुर्चीत बसून रेडिओ ऐकत होते. वय ऐंशीच्या पुढचं, चष्म्याला दोरी. कॅसेट हातात घेतली आणि त्यांनी आधी ती नाकाशी नेली.

“बुरशी नाही,” ते म्हणाले. “चांगली ठेवलीया. बोला.”

ऋजुतानं सगळं सांगितलं. मूळ तुकडा आहे का, विचारलं.

“मूळ हीच की. त्या वेळी कॉपी काढायला दुसरं मशीन कुठं होतं माझ्याकडं? याच्यावरच सनई चढवायची नि द्यायची. सनई नसली की बाया म्हणायच्या, कॅसेट बिघडलीया.”

“म्हणजे खालचा आवाज गेलाच.”

“गेला कुठं?” मुजावरांनी कॅसेटची झडप अंगठ्यानं उघडून काळी फीत दाखवली. “हे बघ बाळ. या फितीला आवाज दोन ठिकाणी असतोय. एक कडेला, बारीक पट्टी. साधं मशीन तेवढाच वाचतंय. माझा कॅमेरा भारीतला होता, तो आणखी एक आवाज फितीच्या पोटात लिहायचा. आधी आवाज खोल, मग त्याच्यावर चित्र. पुरणावर पारी असावी तसं. सनई घालायची ती कडेच्या पट्टीवर. पोटातला आवाज तसाच राहतोय. तो काढायचा म्हटलं तर चित्र पुसावं लागतंय.”

ऋजुता त्यांच्याकडे बघत राहिली. माळ्यावरचं ते यंत्र साधं होतं. ते फक्त कड वाचत होतं. या कॅसेटला घरात आजवर जे जे मिळालं, ते सगळं साधंच असणार.

“तुमच्याकडं पोटातलं वाचणारं मशीन आहे?”

“आहे. रबर गेलंय त्याचं.” त्यांनी पुढच्या खोलीकडे तोंड केलं. “शबाना, तुझ्या मशीनचं बॉबीन भरायचं जुनं रबर हाय का गं?”

“अब्बा, परवाच नेलंय तुम्ही रेडिओला,” पडद्यापलीकडून आवाज आला. “हे शेवटचं. पुन्हा मागायचं नाही.”

रबर आलं. मुजावरांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून खोक्याएवढं यंत्र काढलं, चष्मा कपाळावर चढवला आणि बोटांनीच अंदाज घेत रबर बसवलं. मग कॅसेट आत ढकलण्याआधी त्यांनी तिची कड उजेडात धरली, आणि थांबले.

“आ. न.,” त्यांनी वाचलं. “हे माझं अक्षर.” त्यांनी वर पाहिलं, ते सरळ आईकडे. “वहिनी, हे तुम्हीच सांगितलं होतं. आवाज नको.”

आई मुंगीचं टोपडं सारखं करत होती. ते आधीच सारखं होतं.

“आठवतंय मला,” मुजावर म्हणाले. “लोक म्हणायचे, गाण्यांच्या वेळी सनई घाला, नाव ठेवताना आवाज राहू द्या. तुम्ही म्हणालात, सगळीकडं सनई. मुळीच आवाज नको. तसं दुसऱ्या कुणी कधी सांगितलं नाही.”

“आई?”

“मला ते नाव पुन्हा ऐकायचं नव्हतं,” आई म्हणाली. मुंगीकडे बघत म्हणाली. “एकदा पाहिलं तेवढं पुरे होतं.”

पुढच्या खोलीतलं शिवणयंत्र चालून थांबलं.

“लावू का नको?” मुजावरांनी विचारलं. “कॅसेट तुमची आहे.”

ऋजुतानं आईकडे पाहिलं. तिला हो म्हणायचं होतं, पण हे हो तिचं नव्हतं. तिच्या ध्यानात आलं की आई घाबरली आहे. नाव ऐकू येईल म्हणून, आणि कदाचित येणार नाही म्हणूनही.

“लावा,” आई म्हणाली.

यंत्रानं कॅसेट गिळली, आत काहीतरी दोनदा खटखटलं. मुजावरांनी एक बटण फिरवलं. सनई होती तशीच वाजली. त्यांनी आणखी एक खटका मागे ओढला आणि सनई एकदम गेली, कुणी दार लावावं तशी.

त्या जागी खोली आली. बांगड्या. कुणाचं तरी पोर पाणी मागत होतं. भांडं पडलं. एक बाई म्हणाली, ‘अगं, घुगऱ्यांना मीठ नाही.’ आणि मधूनच बाबांचा आवाज, चाळिशीही न गाठलेला : ‘मुजावर, हिचा पण एक शॉट घ्या, ओटीसकट.’ आईनं तोंडावर पदर धरला.

पाळणा म्हणून झाला. मग अगदी जवळून, फितीच्या सळसळीतून, कुर्रर्र. आणि धपाटे. ढप, ढप. आणि त्या धपाट्यांनी तुटत, हसत, हाफत एक आवाज :

“ऋ-जु-ता… ऋजु-ता गं…” मग बायका हसल्या, धपाटे वाढले, आणि आवाज आणखी खाली गेला. “दे-वा. दे-वा, ही रा-हू दे. हि-ला ने-ऊ नको. दे-वा.”

मुजावरांनी न सांगता फीत मागे घेतली आणि पुन्हा लावली. तेच. देवा, ही राहू दे.

आईचे ओठ हलले. आवाज नव्हता. पहिल्यांदा तिनं एक शब्द म्हटला, मग दुसरा. आणि समोर बसलेल्या ऋजुताला दोन्ही शब्द सारखेच दिसले. रेवा. देवा. ओठांना त्यांच्यातला फरक माहीतच नसतो. तो असतो आत, जिभेच्या टोकाशी.

“वन्सं,” आई म्हणाली, खोलीतल्या कुणालाच नाही. “अहो, वन्सं.”

आणि मग ती रडली. ऋजुतानं मुंगीला तिच्याकडून घ्यायला हात पुढे केले, पण आईनं तिला सोडलं नाही. मुंगी आजीच्या गळ्यात तोंड घालून, मोठ्या गांभीर्यानं पदर चोखत राहिली.

*

फोन आईनं तिथल्याच पायरीवर बसून लावला. ऋजुताला म्हणाली, तू इथंच थांब, मला एकटीला जमणार नाही.

“वन्सं, मी अलका.”

पलीकडे कसलंसं भांडं खाली ठेवल्याचं ऐकू आलं.

“ऋजू बरी आहे ना?” पलीकडून आत्याचा आवाज आला. “बाळ?”

“दोघी बऱ्या आहेत. रविवारी बारसं आहे. तुम्ही यायचं आहे.”

“येते की. जेवायच्या वेळेला येऊन जाईन.”

“जेवायला नाही. नाव सांगायला.”

“वहिनी, ते नको.” आत्या घाईघाईनं म्हणाली. “माझ्या हातनं ते नको. एकदा झालं तेवढं बास. तुमच्या मनात राहायला नको.”

“काय राहायला नको?”

“आता मीच बोलू का ते?” आत्या थांबली. “आमचे हे जाऊन आठ महिनेच झाले होते तेव्हा. ऋजूच्या बारशाला. बायका कुजबुजत होत्या, असल्या कपाळाची बाई कानाशी कशाला म्हणून. दादा म्हणाला, तूच सांगायचं, म्हणून मी आले. मग तुम्ही बोलावणं बंद केलं. मला कळलं. राग नाही हो माझा. रेवाचंही मीच सांगितलं होतं नाव. मला स्वतःलाच वाटायचं.”

आईनं डोळे मिटून घेतले. ऋजुतानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

“वन्सं, मी तुमच्या कपाळाकडे कधी पाहिलं नाही,” आई म्हणाली. “मी तुमच्या ओठांकडे पाहिलं. आणि चुकीचं वाचलं.”

“म्हणजे काय?”

“या, म्हणजे सांगते. फोनवर नाही सांगत. फोनवर सांगितलं तर तुम्ही मला शिव्या द्याल आणि मला त्या समोर बसून ऐकायच्या आहेत.”

पलीकडून एक आवाज आला. हसू होतं की हुंदका, फोनवरून कळलं नाही.

“शनिवारीच येऊ का?” आत्यानं विचारलं. “काही करून आणू?”

“शेंगदाण्याच्या पोळ्या आणा. तुमच्यासारख्या कुणाला जमत नाहीत. तेहतीस वर्षं मी करून बघतेय.”

*

रविवारी भिंतीवर दोन पाळणे शेजारी शेजारी दिसले नाहीत. ऋजुतानं एकच तुकडा कापून ठेवला होता, दीड मिनिटाचा. पोटातल्या आवाजाचा. मुजावरांच्या यंत्रातून थेट घेतलेला, कालबाह्य स्वरूपात, मुंग्या आलेल्या चित्रासकट. तो तिनं शनिवारी संध्याकाळी तिघींपुरताच लावला होता. आत्यानं तो एकदा ऐकला आणि म्हणाली, “अगं बाई, किती मारलं होतं मला त्या दिवशी. दोन दिवस पाठ धरली होती.” मग दोघी नणंद-भावजया स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लोटलं. आतून काय काय ऐकू आलं ते ऋजुतानं मनावर घेतलं नाही. शिव्या होत्या, ठरल्याप्रमाणे. शेवटी पोळीवर तूप वाढल्याचा वास आला.

बारशाला मुजावर आले होते. मोबाइल कुणाच्याही हातात चालतो, पण चित्रण आपणच करणार म्हणाले. फक्त पाळण्याला माळ बांधताना त्यांनी केदारला थांबवलं. “जरा वर बांधा. तोंडापुढं येऊ देऊ नका.”

शालन आत्या पाळण्याशी वाकली. हिरवी साडी, आईनं निवडलेली. पाठीमागे पाटीलकाकू आणि सासूबाई हात उगारून तयार होत्या, पण पहिला धपाटा आईचा होता. चांगला सणसणीत.

“वहिनी, हळू,” आत्या कळवळली.

“मुळीच नाही,” आई म्हणाली. “आणि नाव कानात सांगा. त्याच्यापुढचं जे असेल ते मोठ्यानं. मला ऐकू आलं पाहिजे.”

कुर्रर्र झालं. मुंगीच्या कानात तिचं नाव गेलं. मग आत्यानं मान वर केली, आणि धपाटे खात, तुटत, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं देवाला जे सांगायचं ते सांगितलं. मुंगीनं ते ऐकून जांभई दिली.

दुपारी सगळे पांगल्यावर ऋजुतानं मुजावरांचं चित्रण संगणकात घेतलं. संगणक म्हणाला, ‘एका ठिकाणी आवाज तुटक आहे. सुधारू?’

“नको,” ऋजुता म्हणाली, आणि या वेळी नीट वाचून ‘नको’वर बोट ठेवलं.

मागे सोफ्यावर आई जुनी कॅसेट मांडीवर घेऊन बसली होती. तिनं बॉलपेन मागून घेतलं. कडेच्या कागदावरचा ‘न’ नीट, शाळेतल्यासारखा एका रेघेनं खोडला आणि त्यापुढे जपून लिहिलं, ‘ह’.

“आ. ह.,” आत्यानं मान वाकडी करून वाचलं. “हे कोण आता?”

“तुम्हीच,” आई म्हणाली. “आवाज हवा.”